मिरचीच्या डब्यांचा निवाडा

घासलेटच्या रिकाम्या डब्यात मिरची लावायची असेल तर तळाला खिळ्याने भोके पाडावीत, भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवावेत आणि मगच माती भरावी. एवढी साधी गोष्ट न करता रोप कुजवणारे, आणि कुजल्यावर शेजारणीच्या नजरेला दोष देणारे सुशिक्षित गृहस्थ मी निपाणीत पुष्कळ पाहिले. कारण शोधण्यापूर्वी गुन्हेगार ठरवायचा, ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे. त्या खोडीपायी माझ्या घरात एका मुलीचा संसार मोडण्याची वेळ आली होती. ती हकीकत जशी घडली तशी येथे लिहितो. तीत मिरचीच्या लागवडीचा तपशील येईल, कारण तो वगळला तर निवाड्याला आधारच उरत नाही.

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी उमर गेली. हात थकला तेव्हा निपाणीच्या आमच्या लहानशा घरी येऊन राहिलो. पत्नी पूर्वीच वारली होती. एकुलता मुलगा बेळगावास कारकून होता; तो शनिवारी सर्व्हिस मोटारीने येई आणि सोमवारी पहाटे परत जाई. त्याची बायको येळ्ळूरच्या शेतकरी घरातली. तिकडे बिऱ्हाड मांडण्याची सोय अजून झालेली नव्हती, म्हणून ती माझ्याजवळ राही. लग्नाला तीन वर्षे होऊनही मूल नव्हते, आणि त्यावरून आळीत कुजबूज होती, हेही सांगितले पाहिजे, कारण पुढे त्याचा उपयोग तिच्याविरुद्ध केला गेला.

मग आक्का आली. ही माझी थोरली बहीण, संकेश्वराजवळच्या खेड्यात दिलेली. नवरा गेल्यावर दिरांनी जमीन आपसांत वाटून घेतली, आणि आक्का एक ट्रंक, एक लोखंडी तवा आणि वाळक्या मिरच्यांची एक माळ घेऊन माझ्या दारात उतरली. त्या दिरांना मी विधवेच्या पोटगीचा हक्क स्पष्ट करणारी पत्रे लागोपाठ पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. नकला अजून माझ्यापाशी आहेत, आणि त्या वाचताना आजही माझे डोके तापते.

ती माळ बियाण्याची होती. लांब, सुरकुतलेली, रंगाने गर्द आणि तिखटाला बेताची अशी ती मिरची आक्काच्या सासूच्या माहेराहून आलेली, आणि त्या घराण्याबाहेर तिचे बी कोणाला दिलेले नव्हते. दिरांनी शेतात तंबाखू घातला होता. म्हणजे ते वाण आता फक्त माझ्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर उरले होते.

"शेत गेलं ते गेलं," आक्का म्हणाली, "बी तरी ऱ्हाऊ दे."

आमच्या परसात विहीर होती आणि विहिरीपासून न्हाणीपर्यंत एक भिंत होती. त्या भिंतीलगत मी डब्यांची रांग मांडली. अर्धी तांबडी माती, उरलेल्यात जुने कुजलेले शेणखत आणि थोडी चुलीतली राख, असे मिश्रण केले. ताजे शेण घालू नये. रोप पानांनी फोफावते आणि मिरची धरत नाही. बी राखेत चोळून एका पसरट परातीत टाकले, वर गोणपाट ओले करून झाकले. रोपांना चांगली सहा पाने आली तेव्हा संध्याकाळच्या वेळी एकेक उचलून डब्यात लावले. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. पानांवर ओतू नये. पहिली फुले खुडून टाकावीत, म्हणजे झाड आधी अंग धरते. ही सर्व पथ्ये आम्ही पाळली. सूनबाई विहिरीचे पाणी शेंदून घाली. आक्का रोज सकाळी रांगेतून फिरे, पिवळी पाने नखाने खुडी, वाकलेल्या फांद्या काडीला बांधी. मी देखरेख करी.

श्रावण संपता संपता पानांवर चट्टे दिसू लागले. गर्द हिरव्यात फिकट पिवळे ठिपके, गोधडीला ठिगळे लावावीत तसे. नवी पाने अरुंद आणि सुरकुतलेली येऊ लागली. हा मिरचीचा नेहमीचा बोकड्या रोग नव्हे. बोकड्यात पाने वाटीसारखी वळतात, पण रंग असा फुटत नाही. विहिरीकडचे डबे आधी बिघडले आणि रोग न्हाणीकडे सरकत गेला. आलेल्या मिरच्या खुरट्या, वेड्यावाकड्या. भाद्रपदाच्या अखेरीस एकही झाड धड राहिले नाही. माळेतल्या मोजक्या मिरच्या मात्र मी राखून ठेवल्या होत्या, एवढेच सुदैव.

मी एका सरकारी कचेरीस सविस्तर पत्र लिहिले, सोबत कागदात दाबून दोन पाने पाठवली. उत्तरादाखल तंबाखू वाळवण्याच्या सुधारित पद्धतीवरचे छापील इंग्रजी पत्रक आले. मी ते मूळ पाकिटात घालून परत केले आणि वर लिहिले की, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तसे कबूल करण्यास कायद्याची हरकत नाही.

आक्काला मात्र उत्तर केव्हाच मिळाले होते. एके दिवशी दुपारी मी ओट्यावर लिहीत बसलो असता ती येऊन समोर बसली.

"एक पत्र लिही. येळ्ळूरच्या पावण्यास्नी. म्हणावं, तुमच्या लेकीला घेऊन जावा."

"कशावरून?" मी विचारले.

"कशावरून म्हंजे? झाडास्नी पाणी कोण घालतंय? तीच. चार दिस कडंला बसायचं सोडून हिरीकडं जातीया. इटाळाची सावली पडली, झाडं जळली. हिरीकडचीच आदी गेली का न्हाय?"

"तू तिला त्या दिवसांत विहिरीवर पाहिलेस?"

"बघाय कशाला पायजे? झाडं सांगत्यात की. कूस उजवंना, हातचं झाड जगंना. असला हात घरात ठेवून तुझ्या लेकाचं काय भलं हुणार हाय?"

"आक्का, मी जन्मभर अर्ज लिहिले. ऐकीव गोष्टीवर एकही लिहिला नाही."

"लई वकिली करू नगंस. तुझ्या कोर्टात आले न्हाय मी. भणीच्या नात्यानं आले."

मी पत्र लिहिले नाही. पण आक्काने सूनबाईच्या हातचे पाणी घेणे बंद केले, आणि शनिवारी मुलगा आला तेव्हा सगळे त्याच्या कानावर घातले. तो जेवून ओट्यावर आला आणि पायातली वहाण काढघाल करीत म्हणाला, "आप्पा, आत्या म्हणते तसं करून टाका. थोडे दिवस जाईल माहेरी. घरात कटकट नको."

थोडे दिवस माहेरी गेलेल्या मुली त्या काळी किती वर्षे तेथेच राहत, हे कोर्टाच्या आवारात बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यांच्या पोटगीचे अर्ज मीच लिहीत असे. मी मुलाला म्हणालो, "कटकट नको म्हणून फाशी देणारा न्यायाधीश मी अजून पाहिलेला नाही. तुझ्यापासून सुरुवात करायची आहे काय?" त्याने वहाण पायात चढवली आणि तो रस्त्याकडे निघून गेला. त्याच्या तसे निघून जाण्याचा मला आक्काच्या बोलण्यापेक्षा अधिक संताप आला.

सूनबाईला मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर गाठून सरळ विचारले, कारण आरोपीचे म्हणणे न ऐकता निवाडा होत नाही. तिने भरलेला पोहरा काठावर टेकवला. मग म्हणाली, "त्या दिसांत मी हिकडं फिरकत न्हाय, मामंजी. शेजारच्या काकू पाणी काढून देत्यात. पण एक सांगू का?"

"सांग."

"आमच्या येळ्ळूरात भाताची लावणी लागली की गावातल्या समद्या बायका चिखलात. कोण कवा बाजूला बसायची हाय, हे इचारत बसलं तर लावणी व्हायची न्हाय. आन् भात तर दर साली पिकतंय."

हा मुद्दा मी मनात नोंदवून ठेवला. कोणत्याही वकिलाला तो सहजासहजी खोडता आला नसता.

मार्गशीर्षात एका मयताला म्हणून मी शहराबाहेरच्या एका वस्तीवर गेलो होतो. परतताना वाट तंबाखूच्या शेतांतून होती. तंबाखू छातीइतका वाढलेला. एका सरीतली काही झाडे खुरटलेली दिसली म्हणून थांबलो. पानांवर तेच चट्टे होते. गर्द हिरव्यात फिकट पिवळे, तेच ठिगळ, तीच सुरकुती. मी एक पान तोडून रुमालात गुंडाळले आणि घरी येऊन, उपटून टाकलेल्या एका मिरचीच्या रोपाशेजारी ठेवले. दोन सख्ख्या भावंडांची तोंडे इतकी सारखी नसतात.

प्रश्न एवढाच राहिला की, शेतातला तंबाखू माझ्या परसात आला कसा. मी तंबाखू खात नाही आणि मुलगाही खात नाही. सूनबाईच्या माहेरी ती सवय नव्हती. घरात तंबाखू होता तो एका पितळी डबीत, आणि ती डबी आक्काची होती.

आमच्या भागात बायका दातांना मिश्री लावतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. पण पुष्कळ जणी बाजारची तयार भुकटी घेतात. आक्काला ती चालत नसे. ती रोज पहाटे डबीतले अख्खे पान काढी, दोन्ही तळव्यांत चुरी, माहेराहून सासरी आणि सासरहून माझ्याकडे आलेल्या त्या तव्यावर काळे होईतो भाजी, आणि चुलीपाशी बसून सावकाश दात घाशी. मग चूळ भरून, हात पदराला पुसून, आंघोळीआधी ती परसात जाई. विहिरीकडच्या टोकापासून सुरुवात करून, नखाने पिवळी पाने खुडत न्हाणीकडे येई. रोग याच मार्गाने आला होता.

तिच्या गावी तिच्या मिरचीला कधी काही झाले नाही, असे ती सांगे, आणि ते खरेच असणार. तिकडे शेतात कामाला गडी होते. झाडाला तिचा हात केवळ तोडणीला लागत असे.

तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे. ज्या तर्काने आक्काने सुनेला दोषी धरले, त्याच तर्काने मी आक्काला दोषी धरले असते तर आम्हां दोघांत फरक काय राहिला असता? मी वाट पाहिली. पौषात संकेश्वराकडून तिच्या पुतणीच्या बाळंतपणाचे बोलावणे आले. आक्का ट्रंक, तवा आणि पितळी डबी घेऊन निघाली. मोटारीत बसताना मला म्हणाली, "आल्यावर पत्राचं बघायचंय. इसरू नगंस. आन् तिचा हात कुटं लागू देऊ नगंस."

मी विसरलो नव्हतो. जुनी झाडे मुळांसकट जाळली. माती बाहेर फेकली, डबे उकळत्या पाण्याने आणि चुन्याने धुतले, नवी माती भरली. राखून ठेवलेल्या मिरच्यांतले अर्धे बी काढले; अर्धे तसेच ठेवले, कारण अपिलाची सोय असावी. मग सूनबाईला बोलावून सांगितले की, परात, रोपे, डबे, पाणी, खुडणी, बांधणी, सगळे तिने एकटीने करायचे. मी कशालाही हात लावणार नाही.

"आणि ते चार दिवसही," मी म्हणालो. "त्या दिवसांत मुद्दाम."

तिच्या हातातले सूप खाली आले. "आत्याबाईस्नी कळलं तर?"

"कळेलच. मीच सांगणार आहे."

"आन् झाडं मेली तर, मामंजी?"

"तर मला ते पत्र लिहावे लागेल." खोटे बोलून धीर देण्याची मला सवय नाही.

तिने सूप उचलून घेतले. "मग बी चांगलं निवडून द्या," ती म्हणाली, "फुसक्या बियापायी मला येळ्ळूरला धाडू नका."

शेजारच्या काकूंना मी स्वतः कळवले की आमच्या विहिरीवर यापुढे सूनबाई रोज येईल आणि त्याची जबाबदारी माझी. त्यांनी दोन दिवस पाणी दुसरीकडून आणले. मग लांब पडते म्हणून पुन्हा आमच्याकडे येऊ लागल्या.

रोपे वर आली. डब्यांत गेली. एक चांद्र महिना उलटला आणि दुसरा लागला. सूनबाई दर सकाळी पाण्याला जाण्यापूर्वी एकेक पान उलटून पाही, आणि मी ओट्यावरून तिच्या पाठीकडे पाहत असे. तिची पाठ ताठ राहिली तर सर्व ठीक, एवढे मला कळू लागले होते. पाने रुंद, काळपट हिरवी, तेल लावल्यासारखी. शिमग्याला पहिली फुले आली आणि तिने ती खुडली.

शिमग्यानंतर आक्का परत आली. परसात गेली, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळे फिरवले आणि म्हणाली, "लावलीस का तू? बरं केलंस. बघ, तिचा हात न्हाय तर कशी आल्यात."

"सगळी तिनेच लावली. महिन्याचे तीसही दिवस तिचाच हात आहे."

आक्काने रांगेवरून पुन्हा एकदा डोळे फिरवले. मग म्हणाली, "मला खोटं वाटतंय."

"मग आता तू सांभाळ. विहिरीकडची अर्धी रांग तुझी, न्हाणीकडची तिची. एकीने दुसरीच्या डब्याला हात लावायचा नाही."

"चालंल," ती म्हणाली. "दिसंलच."

आणि दिसले. चैत्र लागला तेव्हा आक्काच्या टोकाच्या डब्यात पहिले ठिगळ उमटले, मग शेजारच्यात, मग त्याच्या शेजारच्यात, आणि तिची हद्द संपली तेथे रोग थांबला. न्हाणीकडच्या रांगेत मिरच्या लोंबत होत्या. आक्का सकाळी परसात जाई आणि लवकर परत येई. पत्राचा विषय तिने काढला नाही. मग मीच काढला. सूनबाई आत भाकऱ्या करीत होती. तिला ऐकू जावे, असाच माझा हेतू होता.

मी आक्कासमोर मिरचीचे बिघडलेले पान, रुमालात वाळलेले तंबाखूचे पान आणि तिची पितळी डबी ठेवली आणि वरचा सर्व क्रम सांगितला. तिने दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून निरखली. शेवटी म्हणाली, "म्हंजे माझा हात वंगाळ? ह्याच हातानं तुला भरवलंय. आई आजारी हुती तवा."

"हात वंगाळ नाही. हातावर तंबाखू आहे. तुझ्या हाताविरुद्ध माझी तक्रार नाही."

"आन् तिच्या हाताविरुद्ध?"

"तिच्याविरुद्ध पुरावा नव्हता आणि नाही. तो आरोप मागे घ्यावा लागेल."

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. आक्काने डबी उचलली, उघडली, बंद केली. "मी काय मागं घेत न्हाय," ती म्हणाली. मग आत तोंड करून, "अगं, तांब्याभर पाणी आण. घसा कोरडा पडलाय हेचं पुराण ऐकून."

सूनबाईने पाणी आणले. आक्काने तिच्या हातून ते घेतले आणि प्याली. दिवाणी दाव्यांत यापेक्षा बऱ्या कबुलीजबाबाची अपेक्षा मी कधी धरलेली नाही.

त्यानंतर मी घरासाठी नियम केला. कच्च्या तंबाखूला ज्याचा हात लागेल त्याने मिरचीला हात लावायचा नाही. इतरांनीही शिकेकाईने हात धुऊन, वर ताक चोळून मगच डब्यांकडे जायचे. ताकाचा गुण मी सिद्ध करू शकलो नाही. परंतु सोवळ्याने झाडाकडे जायचे म्हटल्यावर आक्काला तो नियम आपलाच वाटला, आणि आळीतल्या बायकांना तीच तो सांगू लागली. भाजलेल्या काळ्या भुकटीविरुद्ध काही सिद्ध झाले नव्हते, म्हणून मिश्रीला बंदी केली नाही. बोटाऐवजी बाभळीच्या काडीने लावावी, एवढेच ठरले.

"आन् पान चुरायचं कुणी?" आक्काने विचारले. "मी चुरलं तर माझ्या झाडाला हात न्हाय. हिनं चुरलं तर हिचा बंद. राहिलं कोण?"

दोघींनी माझ्याकडे पाहिले. नियम मीच केला होता. त्यात पळवाट ठेवली नव्हती.

तेव्हापासून रोज पहाटे तंबाखूचे पान मी चुरतो, तव्यावर भाजतो आणि ठसका लागत असताना भुकटी डबीत भरतो. माझ्या हाताने भोके पाडलेल्या, मी माती भरलेल्या डब्यांना हात लावण्याचा मला अधिकार राहिलेला नाही. ओट्यावर खुर्ची टाकून मी सूचना करतो. आक्का आणि सूनबाई खुडत, बांधत, आपसांत बोलत पुढे जातात आणि त्या सूचनांची दखल घेत नाहीत.

त्याच चैत्राच्या अखेरीस येळ्ळूरहून निरोप आला की, मुलीला चार दिवस माहेरी धाडावे. मी चुलीपाशी बसलो होतो. आक्का ताकाचे भांडे घेऊन दारात आली.

"एक पत्र लिही. येळ्ळूरच्या पावण्यास्नी. म्हणावं, मिरची तोडणीला आलीय, पोरगीला आता धाडता यायचं न्हाय. तोडणी झाली की आम्हीच आणून सोडतो, आन् घेऊन बी येतो."

मी तवा खाली ठेवला आणि कागद घेण्यास उठलो.

"आदी हात धू," आक्का म्हणाली. "तंबाखूचा हात हाय. पत्र तिच्या माहेरी जायचंय, तिथं बी मिरच्या असत्यात."

"कागदावरून रोग जात नाही, आक्का."

"कशावरून?" तिने विचारले.

माझ्यापाशी पुरावा नव्हता. मी शिकेकाईने हात धुतले, वर ताक चोळले, आणि तिने सांगितले तसे शब्दशः लिहिले.